बराबर म्हणेपर्यंत

शैला सावर्डेकरांचा आवाज बडोदे डिव्हिजनमध्ये जितक्या लोकांनी ऐकला असेल, तितक्यांनी त्यांचा चेहरा पाहिला नसेल. प्रतापनगरच्या कंट्रोल ऑफिसात त्यांनी चौतीस वर्षं फोनवर मेसेज घेतले. डभोईचे स्टेशनमास्तर, जंबुसर लाइनीवरचा एखादा घाबरलेला गेटमन, सगळ्यांना त्या ‘कंट्रोलवाळां शैलाबेन’ म्हणून ठाऊक. एकदा बोडेलीचे मास्तर काही कामासाठी ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि समोर बसलेल्या लहानखुऱ्या, सावळ्या बाईंना म्हणाले, “शैलाबेनना भेटायचंय.”

“बोला ना,” बाई म्हणाल्या.

मास्तर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. “अरे! मला वाटलं तुम्ही चांगल्या उंच असाल!”

चिपळूणकडच्या खेड्यातून त्या लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. नवरा, जनार्दन, रेल्वे कारखान्यात फिटर. गुजराती त्यांना ओ की ठो येत नव्हतं. चार वर्षांनी नोकरी लागली आणि ती भाषा त्या फोनवरच शिकल्या. त्यामुळे त्यांच्या गुजरातीत भाजीवालीशी घासाघीस करण्याचे शब्द कमी आणि मालगाडी किती मिनिटं उशिरा निघाली हे सांगण्याचे जास्त. भाजीवाली हसायची. शैलाताई नेटानं तेच शब्द वापरायच्या.

कंट्रोलच्या कामाचा एक नियम होता. समोरच्यानं मेसेज दिला की तो लगेच पुढे पाठवायचा नाही. आधी त्याच्याच शब्दांत त्याला परत म्हणून दाखवायचा. तो ‘बराबर’ म्हणाला, की मगच वेळ टिपायची आणि पुढची हालचाल करायची. एक शब्द जरी चुकला तरी समोरून ‘ना बेन, फरीथी’ असं यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. नवीन माणसाला हे वेळकाढूपणाचं वाटे. पण जिथं एकाच रुळावर दोन्हीकडून गाड्या येत असतात तिथं ‘मला वाटलं तुम्ही असं म्हणालात’ या वाक्याला जागा नसते.

हाच नियम श्रीपतरावांनी चर्चेच्या बैठकीत आणला. श्रीपतराव म्हणजे त्याच ऑफिसातले जुने कंट्रोलर. गळ्यात स्टॉपवॉच आणि स्वभाव त्या घड्याळासारखा. चौऱ्याऐंशी साली त्यांनी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत, कॅरमच्या टेबलांच्या पलीकडे, दर गुरुवारी संध्याकाळी साडेचारला वादविवादाची बैठक सुरू केली. विषय आधी ठरायचा, चिठ्ठ्या काढून बाजू वाटल्या जायच्या. आणि मुख्य अट अशी, की समोरच्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं त्याला परत मांडून दाखवायचं. तो ‘बराबर’ म्हणेपर्यंत तोंडातून आपलं एक अक्षर काढायचं नाही.

“हे वादविवाद नाहीत, गाड्या सोडणं आहे,” जनार्दनराव म्हणायचे. ते बैठकीला कधी गेले नाहीत. “घरात लावा तो नियम. मी म्हणतो चहा कर, तर तू आधी म्हणून दाखव, की तुम्ही म्हणता चहा कर.”

“म्हणून दाखवते. आणि मग सांगते, तुम्हीच करा.”

बैठकीत शैलाताईंच्या समोर बहुतेक वेळा शरफुद्दीनभाई असत. छोट्या लाइनीवरचे गार्ड. उंच, किंचित वाकलेले, बोलताना डोळे मिटून घेणारे. गार्डाच्या डब्यात एकटं बसून त्यांनी रेडिओ ऐकला होता आणि जगातल्या झाडून साऱ्या भांडणांची त्यांना माहिती होती. त्यांची मराठी रेल्वेतली, गुजरातीत आणि हिंदीत बुडवून काढलेली. अठरा वर्षं ही दोन माणसं एकमेकांशी वाद घालत आली. फाशीची शिक्षा असावी का, धरणं बांधावीत का, स्त्रियांना राखीव जागा हव्यात का. शरफुद्दीनभाईंना शैलाताईंचं म्हणणं परत मांडायची वेळ आली, की ते शैलाताईंपेक्षा चांगलं मांडत. मग शैलाताई हसून म्हणत, “भाई, आता याला उत्तर देऊच नका. मलाच पटलं.”

ही बैठक दोन हजार दोनच्या मार्चपासून पाच महिने बंद राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा शरफुद्दीनभाई आले नाहीत. का आले नाहीत, हे कुणी विचारलं नाही. शहरातली त्यांची गल्ली दंगलीत जळाली होती आणि ते तांदलजाच्या मुसलमान वस्तीत राहायला गेले होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर कुणी ठराव केला नाही, पण गावातले विषय चिठ्ठीवर यायचेच बंद झाले. माणसं लांब लांब जाऊ लागली. आयर्लंडला गेली, श्रीलंकेला गेली. बैठकीतले सगळ्यांत वयस्क उदयसिंहराव एकदा वैतागून म्हणाले, “अख्खं जग फिरून आलो आपण. फक्त आपल्याच गावातल्या मांडवीला गेलो नाही.” सगळे हसले आणि पुढच्या गुरुवारी सायप्रसचा विषय घेतला.

शैलाताईंना मात्र कारण ठाऊक होतं. जनार्दनरावांखेरीज ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या मार्चमधल्या एका दुपारी, साडेबाराच्या सुमारास, क्वार्टरमधला फोन वाजला होता. शैलाताई घरीच होत्या. शरफुद्दीनभाईंचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता, पण वाक्यं अर्धी अर्धी येत होती. “शैलाबेन, इथं बरं लागत नाही. बायको आणि सून... सून पोटुशी आहे... दोन दिवस जर तुमच्या क्वार्टरमध्ये...”

आणि शैलाताई म्हणाल्या होत्या, “अहो भाई, काही होत नाही. पोलीस आहेत. मिलिटरी पण येतेय म्हणतात. तुम्ही उगाच काळजी करू नका.”

पलीकडून आवाज आला, “जी. बराबर.” आणि फोन ठेवला गेला.

एवढंच. गल्ली दुसऱ्या दिवशी जळाली. तिघं मागच्या दारानं निघाली, कुणाच्या तरी टेम्पोतून नातेवाइकांकडे पोचली, पुढं निवाऱ्याच्या छावणीत सुनेला मुलगी झाली. सगळे वाचले. शैलाताई स्वतःला हे ‘सगळे वाचले’ पुष्कळदा सांगत. पण चौतीस वर्षांत त्यांनी एकच मेसेज परत म्हणून न दाखवता उत्तर दिलं होतं, आणि तो हा होता. ऐकू आलं नव्हतं, असंही नव्हतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता. कॉलनीत लोक काय म्हणतील, शेजारचे काय म्हणतील, हे सगळं त्या अर्ध्या क्षणात मनात येऊन गेलं होतं. समोरचा ‘बराबर’ म्हणाला तो कशाला, हे त्यांना आजवर नीट समजलं नव्हतं. समजलं नव्हतं म्हणण्यापेक्षा, समजून घ्यायचं धाडस झालं नव्हतं.

दर महिन्याला शैलाताई बैठकीच्या विषयांचं पोस्टकार्ड शरफुद्दीनभाईंच्या जुन्या पत्त्यावर टाकत. ते परत यायचं. नवा पत्ता मिळवणं काही अवघड नव्हतं. पण नव्या पत्त्यावर कार्ड पोचलं असतं, आणि त्याची त्यांना भीती वाटायची.

“तीस-चाळीस वर्षं साऱ्या डिव्हिजनशी बोललीस,” जनार्दनराव म्हणाले, “आणि एका माणसाशी बोलता येईना?”

“फोनवर बोलले. तोंडावर नाही.”

“मग फोन कर.”

“फोनवरच तर झालं ना सगळं.”

जनार्दनरावांनी मग पेपर उघडला. काही बोलणी तिथंच सोडायची असतात, हे त्यांना लग्नाच्या अडतीस वर्षांत समजलं होतं.

दोन हजार सहा साली शैलाताई निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडून दोघं दंतेश्वरला फ्लॅटमध्ये राहायला गेली. त्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा पहिला दाखला द्यायला त्या बँकेत गेल्या. म्हाताऱ्यांची रांग जिन्यापर्यंत आलेली. आणि त्यांच्या पुढं चौथ्या माणसाची पाठ किंचित वाकलेली होती.

त्यांनी हाक मारायच्या आत ती पाठ वळली. शैलाताईंनी मागं उभ्या माणसाला फक्त ‘रांग हीच का?’ असं विचारलं होतं. आवाज पुरेसा होता.

“केम छो, शैलाबेन?”

“मजामां, भाई. तुम्ही?”

“जिवंत आहे. तेच लिहून द्यायला आलोय.” ते हसले. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. “तुमचा पहिला दाखला ना? सही जपून करा. गेल्या वर्षी माझी सही जुळली नाही, तर साहेब म्हणाला, चाचा, तुम्ही नक्की तुम्हीच ना?”

रांग पुढं सरकली. शैलाताईंना पाच वर्षांपूर्वीचं बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं: “गुरुवारची बैठक चालू आहे. फेब्रुवारीत इराक घेतोय. परकी फौज निघून जावी की राहावी.”

शरफुद्दीनभाईंनी डोळे मिटले. जुनी सवय. “इराक,” ते म्हणाले. “इराकवर बोलता येईल.”

तेवढंच. खिडकीवाल्यानं त्यांचं नाव पुकारलं.

फेब्रुवारीच्या त्या गुरुवारी शैलाताई चार वाजताच खोलीत जाऊन बसल्या. खुर्च्या स्वतः पुसल्या. श्रीपतराव घड्याळाला किल्ली देत म्हणाले, “परीक्षा आहे का आज?”

“आहे असं समजा.”

उदयसिंहराव काठी टेकत आले. एक्क्याऐंशी वर्षांचे. बडोद्याच्या जुन्या मराठा घरातले, विसाव्या वर्षी मराठा पलटणीबरोबर जपानला गेलेले. लढायला नव्हे. लढाई संपलेली होती. हरलेल्या मुलखात ठाण मांडून बसलेल्या फौजेत एक वर्ष. परत आल्यावर रेल्वेत वॉच अँड वॉर्डला, म्हणजे पहाऱ्यावर, लागले. जपानचं त्यांनी कधी फारसं सांगितलं नव्हतं, विचारलं की ‘थंडी फार’ म्हणत.

साडेचारला दोन मिनिटं कमी असताना शरफुद्दीनभाई दारात आले. खोलीतली आठ-दहा माणसं एकदम बोलायची थांबली, आणि मग एकदम जास्तच बोलू लागली. “आओ भाई!” “बेसो, बेसो!” “अरे, पंखा लावा!” फेब्रुवारीत पंख्याची गरज नव्हती. तरी कुणीतरी लावला.

चिठ्ठ्या निघाल्या. फौज राहावी, या बाजूला शरफुद्दीनभाई. निघून जावी, या बाजूला उदयसिंहराव आणि शैलाताई.

पहिले उदयसिंहराव बोलले. उभे राहिले नाहीत, बसूनच.

“मी फौजेत होतो. म्हणजे त्या दुसऱ्या बाजूला. मला फक्त एक दिवस सांगायचाय. समुद्राकाठचं गाव होतं. घराघरांत तलवारी लपवल्यात का बघा, असा हुकूम आला. एका घरात म्हातारी एकटी. आम्ही शिरायच्या आत तिनं घरातलं सगळं चटईवर मांडून ठेवलं होतं. कपडे घडी घालून, भांडी, नवऱ्याचा फोटो, सुया-दोरेसुद्धा. काही सांगायच्या आधीच. आणि वाकून उभी. तलवार नव्हतीच. आम्ही निघालो, तिनं दार लावून घेतलं.” ते थांबले. “वर्षभरात आम्ही एक गोळी झाडली नाही. कुणाला चापट मारली नाही. वरचे म्हणायचे, बघा, किती शांतता आहे. पण ती शांतता म्हणजे लावलेलं दार होतं. त्यामागं ती म्हातारी काय म्हणाली असेल, हे मला आजतागायत माहीत नाही. बाहेर बंदूक घेऊन उभ्या माणसाला घर कळत नाही. म्हणून म्हणतो, निघावं.”

श्रीपतराव म्हणाले, “तीन मिनिटं दहा सेकंद,” आणि मग स्वतःच ओशाळले.

शरफुद्दीनभाईंनी उदयसिंहरावांचं म्हणणं परत मांडलं. शांतपणे, एकही शब्द न वाढवता. शेवटी म्हणाले, “आणि तुम्हाला असंही म्हणायचंय, की साठ वर्षं झाली तरी तुम्ही त्या दारापुढं उभे आहात.”

उदयसिंहरावांनी मान हलवली. “बराबर. हे मी बोललो नव्हतो. पण बराबर.”

“आता माझं.” शरफुद्दीनभाई उठले. “साहेब म्हणतात, परक्याला घर कळत नाही. मी म्हणतो, म्हणूनच तो हवा. बगदादमध्ये आज काय चाललंय? ही गल्ली यांची, ती गल्ली त्यांची. रस्त्यात नाके उभे केलेत. तिथं माणसाला काय विचारतात? नाव. आडनाव. नावावरून ठरतं, घरी जायचं की नाही. विचारणारा कोण असतो? शेजारचा. त्याच शाळेत गेलेला, त्याच दुकानातून साखर घेणारा. त्याला नाव विचारायची गरजही नसते, पाठ असतं. आणि एक परका शिपाई असतो. गोरा, घामेजलेला, स्वतःच भ्यालेला. त्याला आपली नावं म्हणता येत नाहीत. हसन काय, हुसेन काय, उमर काय, त्याला सगळी सारखी. मी त्याला चांगला म्हणत नाही. तो कशाला आलाय ते मला माहीत आहे. पण ज्याला माझं नाव कळत नाही, असा एक माणूस माझ्या गल्लीच्या तोंडाशी दोन दिवस उभा असला, तर मी त्याला हात जोडून म्हणेन, बाबा, जाऊ नको.”

ते बसले. बाहेर कॅरमची सोंगटी भोकात पडल्याचा आवाज आला.

उत्तर द्यायची पाळी शैलाताईंची होती. त्या उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा होता, कंट्रोलचा.

“भाईंचं म्हणणं असं, की जिथं माणसं आपसात लढतात तिथं परकी फौज कुणाच्याच बाजूची नसते, म्हणून तिचा उपयोग आहे.”

शरफुद्दीनभाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. “अधुरं आहे, बेन.”

अठरा वर्षांत ते हा शब्द क्वचितच म्हणाले होते. शैलाताईंनी पुन्हा सुरुवात केली. “भाईंचं म्हणणं असं, की तिथल्या पोलिसांवर लोकांचा भरवसा राहिलेला नाही, ते स्वतःच एका बाजूला झालेत, आणि नवी व्यवस्था उभी राहीपर्यंत...”

“अधुरं.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. श्रीपतरावांनी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. “घड्याळ थांबवतोय. घ्या तुम्ही वेळ.”

शैलाताईंनी समोरच्या टेबलावर हात ठेवला. टेबलावर कॅरमची पावडर सांडलेली होती, ती बोटांना लागली. त्यांना वाटलं, आत्ता बसून जावं, बरं वाटत नाही म्हणावं. वय झालंय, कुणी काही म्हणणार नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं, की समोरचा माणूस तांदलजाहून दोन रिक्षा बदलून इथं आला आहे तो इराकसाठी नव्हे.

“भाईंचं म्हणणं असं,” त्या म्हणाल्या, आणि आता तो आवाज कंट्रोलचा राहिला नाही, “की माणूस एकदम परक्या शिपायापाशी जात नाही. आधी तो आपल्या माणसाला विचारतो. दुपारी साडेबाराला फोन करून विचारतो. दोन बायका, त्यांतली एक पोटुशी, दोन दिवस तुमच्या क्वार्टरमध्ये राहू देत, म्हणतो. ते त्या बाईला ऐकू येतं. स्वच्छ ऐकू येतं. पण ती ते परत म्हणून दाखवत नाही. म्हणून दाखवलं, तर हो किंवा नाही म्हणावं लागेल. म्हणून ती सांगते, पोलीस आहेत. मिलिटरी येतेय. आपलं दार उघडण्यापेक्षा फौजेचं नाव घेणं सोपं असतं. आणि ज्याला आपल्याच माणसानं फौजेकडे पाठवलं, त्यानं मग फौज राहावी म्हटलं तर त्यात नवल काय.”

पंखा फिरत होता. खोलीतली निम्मी माणसं काही न कळून एकमेकांकडे पाहत होती, आणि निम्म्यांना हळूहळू कळत चाललं होतं.

शरफुद्दीनभाईंनी डोळे उघडले. मग म्हणाले, “बराबर.”

श्रीपतरावांनी घड्याळ चालू केलं. सवयीनं, दुसरं काय करावं हे न सुचून. “शैलाबेन, तुमची चार मिनिटं.”

“माझा पक्ष असा, की फौज निघून जावी,” शैलाताई म्हणाल्या. “पण तो मांडायला मी आज उभी राहू शकत नाही.” आणि त्या बसल्या.

“म्हणजे पक्ष सोडला?” श्रीपतरावांनी चष्मा वर केला. “मग नियमानं हार लिहावी लागेल.”

“लिहा.”

“अहो, पण माझाही तोच पक्ष होता!” उदयसिंहराव एकदम म्हणाले. “मी साठ वर्षांनी तोंड उघडलं आणि तुम्ही मला बुडवलंत!”

आधी शरफुद्दीनभाई हसले. खांदे हलवत, आवाज न करता. मग सगळेच हसले, आणि ते हसू जरा लांबलं, कारण त्याच्यानंतर काय बोलायचं हे कुणाला माहीत नव्हतं.

चहा झाला. माणसं पांगू लागली. शैलाताई कप गोळा करत होत्या, तेव्हा शरफुद्दीनभाई त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले.

“माफ करा म्हणू नका हं, बेन,” ते हळू आवाजात म्हणाले. “ते मला ऐकायचं नव्हतं. मला एवढंच पाहायचं होतं, की तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं होतं का. पाच वर्षं मी हाच विचार केला. लाइन खराब होती का? मी नीट बोललो नाही का?”

“लाइन साफ होती.”

“हा. आता कळलं.” त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. “आणि मी पण चुकलोच. ‘बराबर’ म्हणायला नको होतं मी. ‘ना बेन, फरीथी’ म्हणायचं होतं. गार्डाला एवढं कळायला पाहिजे.”

शैलाताईंनी हातातले कप खाली ठेवले.

“मी माफ केलं की नाही, मला माहीत नाही,” ते पुढं म्हणाले. “ते आस्ते आस्ते होईल, नाहीतर नाही होणार. पण फोन मी बायकोच्या, खैरुनच्या सांगण्यावरून केला होता. तीच म्हणाली होती, शैलाबेनना विचारा, त्या ना नाही म्हणणार. तर खरं उत्तर तिला द्यायचंय तुम्ही. मला नाही.”

“कधी येऊ?”

“रविवारी घरी असते. सकाळी.” मग थोडं थांबून: “रिक्षावाला तांदलजा नको म्हणेल. म्हणतात ते. दुसरा करा.”

रिक्षावाला नको म्हणाला. दुसराही म्हणाला. जनार्दनराव रस्त्यात उभं राहून म्हणाले, “आता तिसऱ्याला मी विचारतो, तू गप्प राहा. तुझा आवाज ऐकला की माणूस नियम पाळायला लागतो.” तिसरा तयार झाला. जनार्दनराव शेजारी चढून बसले तेव्हा शैलाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“बैठकीला कधी आला नाहीत, आणि इथं?”

“इथं वाद नाहीये ना,” ते म्हणाले. “आणि त्या दिवशी फोन झाला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. तुझं उत्तर मलाही ऐकू आलं होतं.”

हे त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. रिक्षा अकोट्याचा पूल ओलांडून गेली.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडंच होतं. शरफुद्दीनभाईंनी जनार्दनरावांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि शैलाताईंना आतल्या दाराकडे बोट दाखवलं. स्वयंपाकघरात खाली बसून एक जाडजूड बाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या. समोर परातभर शेंगांचा ढीग. त्यांनी वर पाहिलं. अठरा वर्षं ज्या बाईबद्दल नवऱ्याकडून ऐकलं, तिला त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

“तुम्ही लहानखुऱ्या आहात,” खैरुनबेन म्हणाल्या. स्वर गोड नव्हता.

“हो.”

“मला वाटलं होतं, मोठ्या असाल.”

शैलाताई उभ्याच राहिल्या. रिक्षात मनाशी घोळवलेली सगळी वाक्यं त्यांना आता खोटी वाटू लागली. “खैरुनबेन,” त्या म्हणाल्या, “मला त्या दिवशी नीट ऐकू आलं होतं. आणि मी भ्याले. लोकांना भ्याले. मिलिटरीचं नाव सांगून मी तुम्हाला माझ्या दारातून परत पाठवलं.”

खैरुनबेनच्या हातातली शेंग फुटली, दाणे परातीत पडले. बाहेरच्या खोलीतून जनार्दनराव कारखान्यातलं काहीतरी सांगत असल्याचा आवाज येत होता.

“बसा,” खैरुनबेन म्हणाल्या. “हात रिकामे ठेवून माझ्या घरात बोलायचं नाही.” आणि त्यांनी शेंगांचा अर्धा ढीग परातीच्या पलीकडच्या बाजूला सारला.

शैलाताई खाली बसल्या. गुडघे दुखले. पहिली शेंग त्यांनी उलट्या बाजूनं उघडली, दाणे उडाले.

“अशी नाही. देठाकडून.”

“देठाकडून,” शैलाताई म्हणाल्या आणि दुसरी शेंग घेतली.

“आम्ही फोन ठेवला,” खैरुनबेन सांगू लागल्या, शेंगांकडेच पाहत, “तेव्हा मी चुलीवर दूध ठेवलेलं होतं. मला आधी तेच सुचलं, की दुधाचं काय करायचं...”

शैलाताई ऐकू लागल्या.